समुदायाचे गाणे



दुःखाच्या प्रसंगी मनुष्य गातो कशासाठी, हा प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. दुःखाने वाचा बसते असे आपण म्हणतो. मग नेमक्या त्याच घटकेला माणसे एकत्र जमून गीत का आळवितात? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळण्यापूर्वी एका स्मशानभूमीत मिळाले. म्हणून आरंभ तेथूनच करते.

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्याच्या मराठी मुलखात, आमचे गाव आहे. गावात कॅथॉलिक घर आमचे एकच. काही वर्षांपूर्वी माझे वडील वारले. दफनाला फादर आले व त्यांनी विधी तेलुगूत केला. तो संपल्यावर आम्ही भावंडांनी वडिलांच्या आवडीचे, नारायण वामन टिळकांचे एक गीत म्हणावयास घेतले. दुसऱ्या कडव्याला माझा कंठ दाटून आला. भावाकडे पाहिले, तर त्याचीही तीच अवस्था. गीत तेथेच तुटावयाचे. पण आमच्या मागे गावातील भजनी मंडळी उभी होती. गीताचे शब्द त्यांना ठाऊक नव्हते. मात्र चाल अभंगाची होती आणि ध्रुपद त्यांनी एकवार ऐकले होते. त्यांनी ते उचलले व हाताच्या टाळीवर धरून ठेवले. तेवढ्यात माझा श्वास परत आला आणि पुढचे कडवे मला म्हणता आले.

त्या दिवशी मला समुदायगीताचे मर्म कळले. एकट्याचा गळा दाटला की त्याचे गाणे थांबते. समुदायाचे गाणे थांबत नाही, कारण सर्वांचे गळे एकाच क्षणी दाटत नाहीत.

आता आपणांस मी दूर नेणार आहे. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा लहानसा डोंगराळ देश आहे. कोळशाच्या खाणी आणि समुदायगायन या दोन गोष्टींसाठी तो जगास ठाऊक झाला. खाणी आता बहुतेक बंद पडल्या. गाणे उरले आहे. अठराव्या शतकात तेथे धर्मजागृतीची मोठी लाट आली आणि पँटिकेलिनचे विल्यम विल्यम्स (१७१७–१७९१) यांनी लोकांच्या भाषेत शेकडो भक्तिगीते रचली. त्याच परंपरेतील ॲन ग्रिफिथ्स ही शेतकऱ्याची लेक १८०५ साली अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी निवर्तली. तिच्या गीतांपैकी फारच थोडे तिच्या हातचे उरले आहे. घरातील रूथ नावाच्या मोलकरणीला मात्र ती मुखोद्गत होती. रूथला लिहिता येत नव्हते. तिने म्हणून दाखविली आणि तिच्या पतीने लिहून घेतली. जात्यावरच्या ओव्या आयाबायांच्या स्मरणात कशा टिकल्या हे जाणणाऱ्या आपल्या भगिनींना याचे नवल वाटणार नाही.

पुढे १८५९ साली इयान ग्विल्ट या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या जॉन रॉबर्ट्स यांनी चालींचे एक पुस्तक छापले आणि त्याच वर्षी ॲबरडेर गावी गायनाचा मेळावा भरविला. गावोगावचे उपासक एकत्र जमून दिवसभर केवळ भक्तिगीते गातात, अशा या मेळाव्यांची प्रथा तेव्हापासून रूढ झाली. तेथील गायनात स्त्रियांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार भिन्न स्वर एकाच वेळी चालतात. हे अवघड शास्त्र खाणकामगारांना कसे साधले? त्यांना सुरांची सोपी अक्षरे शिकविण्यात आली. आपल्या सा-रे-ग-म सारखीच. दिवसा कोळसा खणणारा मनुष्य रात्री त्या अक्षरांवरून आपला स्वर पाठ करी. १८७२ आणि १८७३ या दोन्ही वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्पर्धेत वेल्सचा जो सुमारे साडेचारशे गायकांचा मेळ विजयी झाला, त्यात मुख्यतः कामकरी लोक होते आणि त्यांचा नायक मूळचा लोहार होता.

वेल्सच्या भक्तिगीताने परक्याचेही डोळे ओले होतात, याचे कारण केवळ चालीची करुणता नव्हे. वेल्श भाषेत ‘हिराएथ’ असा एक शब्द आहे. जे दुरावले त्याची हुरहूर, असा त्याचा भाव. ती हुरहूर एकट्याची असती तर ते नुसते रडगाणे झाले असते. तेथे ती चार स्वरांत वाटली जाते. शेवटच्या ओळी रंगल्या की मंडळी त्या पुन्हापुन्हा घोळवितात. आपले भजनकरी ध्रुपद घोळवितात ते याहून वेगळे काय? आपण एका स्वरात गातो, ते चार स्वरांत; पण दोन्हीकडे एकाचा भार अनेक जण उचलतात.

मात्र भार उचलावयाचा तर चाल उचलणाऱ्याच्या ओळखीची हवी. हे महाराष्ट्रात ज्यांनी पुरतेपणी ओळखले ते रेव्हरंड टिळक. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते बरीच म्हटली जात. अर्थ शुद्ध असला तरी मराठी जिभेला ती जड जात. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन यांची वाट धरली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची पुष्कळ गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही मराठी चर्चमध्ये गाइली जातात. त्यांच्याही पूर्वी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ते सुमारे अकरा हजार ओव्यांत. आम्हां कॅथॉलिकांच्या मिस्सेची भाषा मात्र त्यानंतरही साडेतीन शतके लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाट मोकळी केली. टिळकांचे गीत अभंगाच्या चालीवर नसते, तर माझ्या वडिलांच्या दफनाच्या वेळी आमच्या शेजाऱ्यांना ते उचलता आले नसते.

या विषयाला आमच्या सीमाभागात आणखी एक अर्थ आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आम्ही अलीकडे राहिलो. तेलुगू ही आमच्या शेजाराची व व्यवहाराची गोड भाषा आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे, की ज्याला मराठीचे एक पान धड वाचता येत नाही. आणि तोच मुलगा आजोबांबरोबर बसून हरिपाठ अस्खलित म्हणतो. वेल्समध्येही एकोणिसाव्या शतकात काही शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी फळी अडकवीत. ती भाषा जगली ती रविवारच्या शाळांत आणि उपासनेच्या गीतांत. तरीही १९११ साली शेकडा सुमारे ४३ लोकांना येणारी वेल्श २०२१ च्या शिरगणतीत शेकडा १८ च्याही खाली आली. गीत भाषेला तारते. पण गाणारेच कमी झाले, तर गीताने तरी काय करावे?

आणि गाणारे आपल्याकडेही कमी होत आहेत. हल्ली गावोगाव देवळांत काय, चर्चमध्ये काय, ध्वनिवर्धकावर तयार गाणी लावण्याची रीत पडली आहे. आवाज मोठा असतो, गायकही नामांकित असतो, आणि सारी मंडळी हात जोडून गप्प असतात. यंत्राचा मला द्वेष नाही. माझे हे भाषणही यंत्रातूनच आपल्यापर्यंत पोहोचत आहे. परंतु यंत्राचा गळा दाटत नाही, आणि म्हणूनच कोणाचा गळा दाटला हे त्याला समजत नाही. ते आपल्यासाठी थांबणार नाही, की ध्रुपद धरून वाट पाहणार नाही. ते काम शेजाऱ्यानेच करावयाचे असते.

म्हणून माझी एक अल्पशी विनंती आहे. आपल्या घरी, आपल्या धर्माचे, आपल्या भाषेतले एक तरी गीत मुलांना तोंडपाठ करवून घ्या. आणि शेजाऱ्याच्या एखाद्या गीताचे ध्रुपद आपणही शिकून ठेवा. आवाज बरा नाही ही सबब सांगू नका. माझ्या वडिलांच्या दफनाच्या वेळी ज्यांनी ध्रुपद धरले, त्यांच्यापैकी एकाचाही आवाज गोड नव्हता. तरी त्याहून गोड गाणे मी पुन्हा ऐकले नाही.