पुन्हां सावरणें
(महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



परीक्षेंत एकदां नापास झालेला आपल्यांतलाच एक मुलगा गेल्या वर्षीं माझ्याकडे आला. नोकरीसाठीं इंग्रजींत अर्ज करावयाचा होता. वाया गेलेल्या वर्षाचा उल्लेख टाळतां येत नव्हता. "फादर, पडून पुन्हां सावरणें ह्याला चांगलासा इंग्रजी शब्द सांगा," तो म्हणाला. त्याची मान खालीं होती.

मीं त्याला चार शब्द सांगितले. चारही मूळचे लॅटिन घराण्यांतले, म्हणून सेमिनरीपासून माझ्या ओळखीचे.

पहिला 'रिकव्हर', म्हणजे गमावलेलें परत मिळविणें. प्रकृति असो वा अडकलेला पैसा, दोहोंस तो चालतो. पण गेलेलें वर्ष कोणास परत मिळतें?

दुसरा 'कॉन्व्हॅलेस'. 'व्हालेरे' म्हणजे बलवान् असणें. त्यास लागलेला प्रत्यय आरंभ दाखवितो. ताप उतरल्यावर अंगांत हळूहळू बळ येऊं लागणें, हा त्याचा अर्थ. शब्द नम्र आहे, पण तो आजाऱ्याच्या खाटेपाशींच शोभतो.

तिसरा, हल्लीं सर्वांच्या तोंडीं असलेला 'रिझिलियन्स', म्हणजे मागें उसळणें. सतराव्या शतकांत फ्रान्सिस बेकननें तो प्रतिध्वनीविषयीं योजिला. पुढें एंजिनियरांनीं लाकडालोखंडास लावला. विसाव्या शतकांत मानसशास्त्रानें तो मनास दिला. परंतु वाकविलेली पट्टी सोडतांच होती तशी होते. मनुष्य पडून उठला कीं पूर्वीचा राहत नाहीं, आणि राहूंही नये.

चौथा 'रॅली'. फ्रेंचमधून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हां एकत्र बांधणें. पांगलेलें सैन्य निशाणाभोंवतीं परत जमतें, ती रॅली. ह्या अर्थानें एकट्या शिपायाला रॅली करतां येत नाहीं. हें ऐकून मुलानें मान वर केली.

मीं म्हणालों, "अर्जांत ह्यांपैकीं एकही शब्द नको. नापास झालों, पुन्हां बसलों, पास झालों, एवढेंच लिही."

रॅली हा शब्द त्याच्यापेक्षां आपल्यासाठीं होता. त्या वर्षीं तो देवळांत मागच्या बाकावर बसे. आपण त्याला निकाल विचारला. आधार दिला नाहीं. त्यांत मीही होतों.

आपल्या मराठींत तोल जातां आपण सावरतों, आणि दुसरा पडत असतां त्यालाही सावरतों. क्रियापद एकच. ह्या महोत्सवाच्या वर्षीं त्याचा दुसरा अर्थ आपण शिकूं या.