मौजे गांवची फारसी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यांतील एखाद्या लहानशा खेड्याचा जुना कागद उलगडला, तर गांवाच्या नांवाआधीं ‘मौजे’ हा शब्द हटकून आढळतो. गांव दहावीस उंबऱ्यांचें असो, इराणचा माणूस तेथें कधीं फिरकलेलाही नसो. त्याची दप्तरांतील ओळख मात्र फारसीच्या मुखानें झालेली असते. गांवांच्या सरकारी यादीस देहझाडा म्हणत. त्यांतील ‘देह’ म्हणजे फारसी भाषेंतलें खेडेंच होय.

हें घडलें कसें? वाई आणि मिरज हे मुलूख शिवाजीमहाराजांच्या आधीं विजापूरच्या आदिलशाहींत मोडत. दरबाराची भाषा फारसी. गांवचा कुळकर्णी मात्र मोडींत लिही. पहिल्या इब्राहिम आदिलशहानें (१५३४–१५५८) वसुलाचे हिशेब फारसींतून काढून देशी भाषेंत आणविले, असें फेरिश्ता सांगतो. भाषा पालटली, शब्द राहिले. हद्द, जमीन, महसूल, मिरास हे त्यांपैकींच. कांहीं मूळ फारसी, तर कांहीं फारसीच्या वाटेनें आलेले अरबी.

परंतु खेड्यानें ह्या पाहुण्यांस आपल्या घरची रीत शिकविली. शुहूर सनाचे आंकडे कुळकर्णी अरबी शब्दांत लिही. अर्बा म्हणजे चार, खमस म्हणजे पांच. पण तें वर्ष सुरू होई मृग नक्षत्रास, पेरणीच्या तोंडावर. अरबींत खरीफ म्हणजे शरद ऋतु व रबी म्हणजे वसंत. येथें तीं पिकांच्या हंगामांचीं नांवें झालीं.

सर्वांत मोठें स्थित्यंतर ‘वतन’ ह्या शब्दाचें. फारसींत वतन म्हणजे जन्मभूमि. मराठी खेड्यांत तो वंशपरंपरेचा हक्क झाला. पाटलाच्या वतनाला मानपान होता; महाराच्या वतनाला तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यांत रात्रंदिवस राबणें होतें. एकच शब्द, एका घरीं तो पागोटें झाला, दुसऱ्या घरीं बेडी.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनीं मुजुमदाराचा अमात्य व डबिराचा सुमंत केला, पुढें राज्यव्यवहारकोश करविला. तरीही साताऱ्यास शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत ‘पेशवा’ हा शब्द टिकलाच. गांवांत तर वतन जसेंच्या तसें राहिलें; कारण तेथें प्रश्न शब्दाचा नव्हता, हक्काचा होता.

तो प्रश्न पुढें ज्यांनीं हातीं घेतला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें बालपण साताऱ्याच्या शाळेंत गेलें होतें. १९२८ सालीं त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. तें त्या वेळीं तडीस गेलें नाहीं. १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें, १९५८ च्या कायद्यानें महार वतनासारखीं कनिष्ठ वतनें आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकी संपुष्टांत आली.

आज कृष्णाकांठचा शेतकरी हद्द, खरीप, बागायत हे शब्द सहज बोलतो. ते परके आहेत हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें. ते त्याच्या कामाचे होते, म्हणून राहिले. वतनाला मात्र जावें लागलें. भाषेंत पाहुणा शब्द सुखानें नांदतो. त्याच्या आडोशानें नांदणारा अन्याय तेवढा बाहेर घालवावा लागतो.