शेणखताच्या मातींतून निघालेलें क्षयाचें औषध
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



क्षयाचें नांव निघालें कीं आपल्या घरांत दार लोटून बोलतात. कोणी म्हणतो घराण्याचा रोग, कोणी म्हणतो मागल्या जन्मीचें पाप. आणि पाप म्हटलें कीं शांत करणारा भटजी व अंगारा देणारा देवऋषी दोघेही दारांत हजर! या साऱ्या थोतांडाला २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन शहरीं उत्तर मिळालें. क्षय हा एका सूक्ष्म जंतूपासून होतो, हें रॉबर्ट कॉख यांनीं त्या दिवशीं दाखवून दिलें. रोग्याच्या खोकल्याबरोबर तो जंतु हवेंत उडतो व दुसऱ्याच्या छातींत शिरतो. त्याला जात कळत नाहीं, कुळी कळत नाहीं. मात्र दाटीच्या कोंदट घरांत, अर्धपोटीं शरीरांत आणि धुळीनें झिजलेल्या पाथरवटाच्या छातींत त्याचें अधिक फावतें.

कारण सांपडलें, पण औषध सांपडावयास आणखी साठ वर्षें लागलीं. कारण हा जंतु मोठा चिवट. त्याच्या अंगावर मेणासारखें कवच असतें. कांहीं जंतु वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला जवळजवळ एक दिवस लागतो. प्रयोगशाळेंत काचेच्या नळींत पेरला तर त्याचें पीक दिसावयास तीन ते आठ आठवडे वाट पाहावी लागते.

आतां औषध कोठें सांपडलें तें ऐका. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं रटगर्स येथील शेतकी विद्यालयांत सेलमन वॅक्समन हे गुरु मातींतील जंतूंचा अभ्यास करीत. त्यांचा एक तरुण विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ. हा शेतावर वाढलेला. १९४३ सालीं तळघरांतील खोलींत रात्रंदिवस खपून त्यानें दोन ठिकाणांहून एकाच जातीचा जंतु वेगळा काढला. एक भरपूर शेणखत घातलेल्या मातींतून, दुसरा कोंबडीच्या घशांतून. त्या जंतूच्या अंगचा रस म्हणजेच स्ट्रेप्टोमायसिन! ज्या उकिरड्याला पंडित नाक मुरडतात, त्यांतूनच क्षयाचा पहिला खरा वैरी निघाला.

पुढें काय झालें? १९५२ सालीं नोबेल पारितोषिक एकट्या गुरूला मिळालें. शिष्याला आपला वाटा मिळविण्यासाठीं १९५० सालींच कोर्टाची पायरी चढावी लागली. तेव्हां कोठें तो सहसंशोधक म्हणून मान्य झाला. राबणारा एक आणि फळ घेणारा दुसरा, ही रीत केवळ आपल्याच देशांत आहे असें समजूं नका.

इंग्लंडांत १९४७ सालीं १०७ रोग्यांवर या औषधाची परीक्षा सुरू झाली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४ वारले. नुसती विश्रांति घेणाऱ्या ५२ पैकीं १४ वारले. पण आनंद पुरता टिकला नाहीं. कोट्यवधि जंतूंत थोडे असे असतात कीं त्यांच्यावर तें औषध चालत नाहीं. बाकीचे मेले कीं तेच माजतात. शेतकऱ्याला हें समजावयास नको. वरवर खुरपून हरळीची काशी मागें ठेवली तर महिन्यांत रान पुन्हा हिरवें होतें. म्हणून एकाच वेळीं दोन-तीन औषधें देण्याची रीत निघाली. १९५२ सालीं आयसोनायझिड व पुढें रिफॅम्पिसिन आलें. आज साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधें व पुढें चार महिने तीन औषधें देतात.

हें औषध घेण्यास डोंगरावरचा महागडा आरोग्याश्रम लागत नाहीं, हें मद्रासनें जगाला शिकविलें. १९५६ सालीं तेथें सुरू झालेल्या केंद्रानें गरिबांच्या वस्तींत घरीं राहून औषध घेणाऱ्यांची आश्रमांतील रोग्यांशीं तुलना केली. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तो असा कीं घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळें घरच्यांना अधिक बाधा झाली नाहीं.

अर्धवट औषधांनीं निगरगट्ट झालेल्या क्षयावर बेडॅक्विलीन हें नवें औषध निघालें; तें जंतूची शक्ति निर्माण करणारी चक्कीच बंद पाडतें. पण त्यावरील मक्तेदारी कंपनीला २०२७ पर्यंत लांबवावयाची होती. जुन्या औषधांनीं ऐकूं येणें गमावलेल्या दोन तरुणी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. आणि मार्च २०२३ मध्यें भारताच्या पेटंट कचेरीनें कंपनीचा अर्ज फेटाळला. औषध शोधणें हें निम्मेंच काम. तें गरिबाच्या हातीं पडणें हें दुसरें निम्में.

आणि भाकरीला विसरूं नका. झारखंडांत रोग्याच्या घरच्या सर्वांना पुरेसें धान्य दिलें, तेव्हां त्या घरांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण ३९ टक्क्यांनीं घटलें, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें.

तेव्हां माझें मागणें थोडेंच आहे. दोन आठवडे खोकला हटला नाहीं तर सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासून घ्या. तपासणी व औषध फुकट आहे. महिन्याभरांत बरें वाटलें म्हणून गोळ्या सोडूं नका. आणि क्षय झाला म्हणून सुनेला माहेरीं धाडूं नका. तिला भाकर द्या, उजेड-वारा द्या, रोजची गोळी द्या. शेणखताच्या मातीनें दिलेलें औषध लाजेखातर वायां घालवाल, तर दोष मागल्या जन्माचा नव्हे, याच जन्मींचा ठरेल.