ओढ्याकडची भिंत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझं काम सॉफ्टवेअरचं, पण आज बोलणार आहे भिंतीबद्दल.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये, केंटला होते. तिथे मेडवे नदीच्या काठी चॅटमची जुनी गोदी आहे. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज 1765 मध्ये तिथेच पाण्यात उतरलं. 1984 मध्ये नौदलाने गोदी बंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती वाढवली, तेव्हा कैद्यांनी तिथल्याच मातीच्या विटा पाडल्या, भाजल्या आणि बांधकामावर राबलेही तेच.

रविवारी मी त्या काठाने फिरायचे. जुन्या भिंतीत एका थरात विटेची लांब बाजू दिसते, वरच्या थरात आखूड. सांध्यावर सांधा येत नाही. बोटी घासतात त्या कडेला मात्र दगड.

एकदा ओहोटीला गेले. पाणी खूप खाली गेलेलं आणि भिंतीच्या सांध्यांतून बारीक धारा झिरपत होत्या. आपल्याला वाटतं, भरती भिंत पाडेल. पण भरतीला नदीच समोरून टेकू देते. ओहोटीला तो टेकू जातो आणि मागच्या मातीत मुरलेलं पाणी भिंतीला बाहेर ढकलतं. त्याला वाट हवी.

तिथे मला बाबा आठवले. आपल्या शाळेची ओढ्याकडची भिंत माझ्या बाबांनी बांधली होती. ते गवंडी. तुमच्यापैकी बहुतेकांना हे माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं तर मी ‘बांधकाम खात्यात आहेत’ म्हणायचे. बाबांनी खालच्या थरांत पाण्यासाठी भोकं ठेवली होती. पुढे रंगकामाच्या वेळी कुणीतरी ती सिमेंटने बुजवली. आपल्या दहावीच्या वर्षी, श्रावणात, भिंत ओढ्यात गेली. रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही.

‘गवंड्याने सिमेंट खाल्लं,’ असं वर्गात कुणी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

घरी बाबा एवढंच म्हणाले, “पाणी कोंडलं की भिंत जाते.” मला ती सबब वाटली.

चॅटमहून त्या रात्री फोन केला. सगळं सांगितलं, वर्गात हसले होते तेही. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, त्या भिंतीचा चुना कसा होता ते सांग.”

बाबा आता नाहीत. त्यांचं नाव कुठल्या भिंतीवर नाही, म्हणून आज तुमच्यासमोर सांगते: ती भिंत त्यांची होती आणि चांगली बांधलेली होती.

आज सकाळी नवी भिंत पाहून आले. पाण्यासाठी पाइप ठेवलेत, पण दोनांत माती भरली आहे. जेवण झालं की काठी घेऊन मी तिकडे जाणार आहे. कुणी येणार असाल तर या.