गाणाऱ्या बाईचा हिशोब

आज शेळीपालनाचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. आज गाण्याचं बोलायचं आहे. पण गाणं गोड कसं म्हणावं, हे मी कोण सांगणार? ते तुमच्या गळ्यात आहेच. गाण्यावर घराला हातभार कसा लागेल, आणि तो एका लग्नसराईपुरता न राहता वर्षानुवर्षं कसा टिकेल, एवढंच मला बोलायचं आहे. म्हणजे शेवटी हिशोबच.

आपल्या खानदेशात हळद असो की वरात, बेंजोवाले येतात, बँड येतो, आता तर डीजे येतो. त्यांची सुपारी आधी ठरते, इसार दिला जातो, जेवण किती जणांचं तेही ठरतं. त्याच मांडवात ओट्यावर बसून काही बाया रात्री बारापर्यंत अहिराणी गाणी म्हणतात. व्याह्यांना चिमटे काढतात, नवरीच्या आईला रडवतात, मांडव हसवतात. त्यांना काय मिळतं? नारळ, ब्लाउजपीस, फार तर साडी. बँडवाल्याचं ते काम आणि बाईची ती हौस, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की कुणी तरी मावशी म्हणतेच, "लग्नातलं गाणं कोणी इकतं का?" प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं असं, की भाऊबंदकीत आणि शेजारपाजारी म्हणतो ते गाणं नात्याचं. तिथं पैशाचं नाव काढू नये, आणि कानबाईच्या रोटाला किंवा आखाजीच्या झोक्यावर तर नाहीच नाही. पण पाचोऱ्याहून किंवा चाळीसगावहून अनोळखी माणूस फोन करतो, "पाच बाया घेऊन या, दोन तास गाणी म्हणा" म्हणतो, तेव्हा ते नातं नसतं. ते काम असतं, आणि कामाची मजुरी असते.

आता कुणी म्हणेल, आधी नाव होऊ द्या, पैसा आपोआप येईल. तसं होत नाही. विठाबाई नारायणगावकरांपेक्षा मोठं नाव तमाशात कुणाचं? १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा सन्मान झाला. बाळंत होऊन लगेच फडावर उभी राहिलेली ती बाई. २००२ साली गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं. आता सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. नाव आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात. नवरा लवकर गेला, पदरात मुलं. वडिलांकडून आलेलं गाणं आणि हातात एकतारी, एवढंच भांडवल. दारोदार, गावोगाव बाबासाहेबांची गाणी म्हणून त्यांनी मुलं वाढवली. मग लोकांनी मोबाइलवर त्यांचं गाणं टिपलं, ते महाराष्ट्रभर फिरलं, आणि त्यांना कार्यक्रमांना बोलावणी येऊ लागली. मला यात एक गोष्ट दिसते. मोबाइलने त्यांना ओळख दिली, पण पोट चाललं ते समोर बसलेल्या माणसांसाठी गायल्यामुळे. आधीही आणि नंतरही. ज्या बाया मला विचारतात, "ताई, यूट्यूबवर टाकलं की किती येतात?" त्यांना मी हेच सांगते.

म्हणून आधी समोरच्या कार्यक्रमाचा हिशोब. समजा, हळदीच्या कार्यक्रमाची सुपारी ६,००० रुपये ठरली. गाडीभाडं १,२००, साउंडचं भाडं १,५००, ढोलकीवाल्याचे ९००. गेले ३,६००. उरले २,४००. गाणाऱ्या पाच जणी असल्या तर त्याचे पाच नाही, सहा वाटे करा. प्रत्येकीला ४०० आणि सहावे ४०० पेटीत. तुळशीच्या लग्नापासून जेठपर्यंत वीस कार्यक्रम मिळाले तर एकेकीचे ८,००० आणि पेटीत ८,०००.

आठ हजार म्हणजे महिन्याला सातशेसुद्धा नाही, हे मलाही कळतं. पण खर्चाची बाजू पाहा. सर्वांत मोठा खर्च साउंडचा आहे. तोच साउंड ४५,००० रुपयांना गटाच्या कर्जातून घेतला, तर वीस कार्यक्रमांत ३०,००० रुपये भाडं वाचतं. व्याज धरूनही दोन हंगामांत कर्ज फिटतं, आणि मधल्या दिवसांत सप्त्याला, बारशाला, शाळेच्या गॅदरिंगला तो भाड्याने देता येतो. आपल्याकडे गाण्याला कर्ज मागायला बाई लाजते. म्हशीला मागताना लाजत नाही. म्हैस तरी आटते!

सुपारी ठरवताना चार गोष्टी बोलून घ्याव्यात: किती तास, किती जणी, येण्या-जाण्याची गाडी कुणाची, आणि इसार किती. चौथी गोष्ट बोलताना जीभ अडखळते, मी पाहिलं आहे. अर्धे पैसे आधी आले नाहीत तर तारीख लिहायची नाही, असा गटाचाच नियम करा. मग "ताई, नियम आहे" म्हणता येतं, आणि एकटीवर वाईटपणा येत नाही. रात्री परतायची गाडी आणि सोबत कोण, हेही त्याच फोनवर. घरचे अडवतात ते गाण्याला कमी आणि रात्रीला जास्त.

आता यूट्यूबकडे येते. आपली अहिराणी आज चांगल्या दिवसांत आहे. "हाई झुमकावाली पोर" हे गाणं पुण्या-मुंबईच्या लग्नांतही वाजलं, जिथं कुणाला अहिराणीचा एक शब्द कळत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तर आहेच, शिवाय बागलाण-मालेगाव, आणि पोटासाठी सुरतेला गेलेली आपली माणसं. उधना-लिंबायतमध्ये बसून कुणी आईच्या आवाजातलं हळदीचं गाणं शोधत असतो. ऐकणारा आहे. पण पैसे कसे येतात ते नीट समजून घ्या.

जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला चॅनेलला १,००० सदस्य लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. चार मिनिटांचं गाणं पंधरा जणांनी पूर्ण ऐकलं तर एक तास होतो. म्हणजे साठ हजार वेळा पूर्ण ऐकलं पाहिजे. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले शंभरातले ५५ चॅनेलच्या मालकाला मिळतात, आणि १०० डॉलर जमेपर्यंत खात्यात काही पडत नाही. दहा डॉलर झाले की पत्त्याची खात्री करायला टपालाने एक आकडा येतो. तेव्हा पोस्टमन दादाला आधीच सांगून ठेवा, परदेशी पाकीट पाहून परत पाठवू नका म्हणावं.

मी म्हटलं, चॅनेलच्या मालकाला. खरी गोम इथं आहे. गाणाऱ्या बाईचं चॅनेल बहुतेक वेळा भाच्याने, दिराच्या मुलाने नाहीतर शूटिंगवाल्याने काढलेलं असतं. ईमेल त्याचा, मोबाइल नंबर त्याचा, बँकखातं त्याचं. पोरं वाईट नसतात, मदतच करतात. पण उद्या तो पुण्याला कामाला गेला किंवा त्याचं-तुमचं बिनसलं, तर दहा वर्षांचं गाणं त्याच्या खिशात राहतं. चॅनेल ज्या ईमेलवर आहे तो बाईच्या नावाचा हवा, पासवर्ड गटाच्या वहीत लिहिलेला हवा, आणि खातं तिच्याच पॅन कार्डाचं हवं. भाच्याला त्याच्या मेहनतीचा वाटा द्या, हक्काने द्या. पण मालकी देऊ नका.

आणि गाणं कुणाचं, हाही प्रश्न आहे. आजीपासून आलेलं जुनं गाणं कुणा एकाचं नसतं. ते कुणीही म्हणू शकतं, कुणी त्यावर हक्क सांगितला तर घाबरू नका. पण त्यात तुम्ही नवीन शब्द रचले, तर ते शब्द तुमचे. त्यासाठी कुठं नोंदणी करावीच लागते असं नाही. रचणारी जिवंत असेपर्यंत आणि गेल्यावर ६० वर्षं तो हक्क तिचा आणि तिच्या वारसांचा. उलट, सिनेमाच्या चालीवर अहिराणी शब्द बसवले तर चाल कंपनीची आहे. लग्नात ते गाणं म्हणायला कायद्यातच सूट आहे, पण तेच यूट्यूबवर टाकलं तर जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळू शकतात. म्हणून रेकॉर्डिंग करायचं तर चाल जुनी लोकगीताची घ्या नाहीतर स्वतःची बसवा.

शब्द तुमचे आहेत हे दाखवायला कागद लागतो. आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी. शाळेत गेली नाही, जात्यावर, शेतात ओव्या रचत गेली. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्या लिहून ठेवल्या, म्हणून १९५१ साली ती गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं आणि आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. तिच्या शेजारच्या जात्यावरही बाया गात असतीलच ना? त्यांचं कुणी लिहिलं नाही. आपल्या प्रत्येकीच्या घरात आज नववी-दहावीची पोर आहे. तिच्याकडून लिहून घ्या, खाली तारीख आणि आपलं नाव टाका.

कुणी कंपनीवाला किंवा स्टुडिओवाला कागद घेऊन आला तर त्याच दिवशी सही करू नका. कितीही गोड बोलला तरी. "आमच्या गटात वाचून दाखवते, मग करते," एवढं म्हणा. कागदावर पाच गोष्टी शोधा: कोणतं गाणं, कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी, आणि पैसे किती व कसे. वर्षं लिहिली नसतील तर कायद्याने तो करार पाचच वर्षांचा धरतात, आणि भाग लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. "कायमचे" हा शब्द दिसला तर बोट ठेवून विचारा, का? शिवाय २०१२ साली कायदा बदलला तेव्हापासून गीत रचणारीचा आणि चाल बांधणारीचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कंपनीला लिहून देता येतच नाही. लिहून घेतला तरी तो टिकत नाही. हे पैसे गोळा करणाऱ्या संस्था मुंबईत आहेत. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस १९६९ पासून, आणि गायकांची इसामरा (आधीची इस्रा). दोन-चार गाणी चालू लागली की सभासद व्हायचा अर्ज करावा, त्याआधी घाई नको.

आकाशवाणी विसरू नका. जळगाव केंद्र आपल्या हाताशी आहे. तिथं लोकगीताची स्वरपरीक्षा होते, उत्तीर्ण झालात तर श्रेणी मिळते आणि त्या श्रेणीप्रमाणे मानधन. पैसा थोडा असेल, पण "आकाशवाणी मान्यताप्राप्त" हे दोन शब्द सुपारी ठरवताना कामाला येतात.

म्हातारपणाचं सांगायचं राहिलं. सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे, महिन्याला ५,००० रुपये. वय ५० च्या वर, कलेत किमान १५ वर्षं काम आणि वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत लागतं. अर्ज आता ऑनलाइन भरतात. अडचण वयाची येत नाही, पुराव्याची येते. वीस वर्षं मांडव गाजवलेली बाई अर्ज करायला जाते आणि तिच्याजवळ एक कागद नसतो. पुरुषांच्या भजनी मंडळाकडे फोटो असतात, पत्रिका असतात, प्रमाणपत्रं असतात. आपल्याकडे साडी असते, आणि ती धुऊन विरलेली.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीला ज्या ज्या गातात त्यांनी दोनशे पानी वही आणा. पुढून गाणी लिहायची. मागून कार्यक्रम: तारीख, गाव, कुणाकडे, किती जणी, सुपारी, इसार, खर्च, वाटा. यजमानाची सही तिथल्या तिथंच घ्या, आणि पत्रिका असेल तर त्याच पानाला टाचून टाका. जिला लिहिता येत नाही तिने नातीला सोबत आणावं. आखाजीला लेकी माहेरी येतील, झोक्यावर गाणी होतील. त्यांना जी जुनी गाणी येतात आणि आपण विसरलो, ती त्यांच्याकडून तेव्हाच उतरवून घ्या, कारण त्या चार दिवसांत परत जातात.