सिंगापुरांतील बिऱ्हाड

नोकरीनिमित्त सिंगापुरास गेलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले दिवस बिऱ्हाड शोधण्यांतच जातात. तेथील बहुसंख्य रहिवासी १९६० सालीं स्थापन झालेल्या सरकारी गृहमंडळाच्या इमारतींत राहतात. अशी सदनिका ६ महिन्यांहून कमी मुदतीनें भाड्यानें मिळत नाहीं. खासगी घरास ३ महिन्यांची अट आहे. वर्षाच्या करारास १ महिन्याचें व २ वर्षांच्या करारास २ महिन्यांचें भाडें अनामत ठेवण्याचा प्रघात आहे. मुद्रांकशुल्क भाडेकरूच भरतो.

२ वर्षांचा करार असल्यास, नोकरी सुटून देश सोडावा लागला तर वर्षानंतर २ महिन्यांची सूचना देऊन मोकळें होतां येईल, असें कलम घालून घेणें अगत्याचें. तें नसेल तर आधींच नोकरी गमावलेल्या गृहस्थाच्या मानेवर उरलेलें भाडेंहि बसावयाचें.

घर पाहावयास तिसऱ्या प्रहरीं जावें. विषुववृत्तापासून सुमारें सव्वा अंशावरच्या या बेटांत पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रीं ती ऊब खोलींत सोडते. कपाटें उघडून वास घ्यावा. दमट हवेनें आंत बुरशी धरते, व घर सोडतांना तिच्यावरूनच अनामतीचा वाद उपस्थित होतो.

गृहिणीची अडचण निराळीच. कांहीं मालक 'हलका स्वयंपाक' एवढीच अट घालतात. म्हणजे चहा आणि उकडलेलीं अंडीं चालतील, हिंगमोहरीची फोडणी नाहीं! या 'हलक्या' शब्दाचा अर्थ दलालामार्फत मालकाकडून सही करण्यापूर्वींच लेखी घ्यावा.