विद्यापीठाचा कारभार आणि नागरिक



१९४९ साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या घटनेत दोन प्रमुख सभा होत्या. मालमत्ता, निधी व नेमणुका पाहणारी सिंडिकेट ही कारभार करणारी सभा. तर जिच्यापुढे वार्षिक अहवाल व हिशेब येत, ती सिनेट ही जाब विचारणारी सभा. नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून सिनेटवर पाठवीत. त्यामुळे विद्यापीठाबाहेरील नागरिकाचा प्रश्नही थेट कुलगुरूंपर्यंत पोहोचे.

२०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ही व्यवस्था संपुष्टात आली आणि सूत्रे व्यवस्थापन मंडळाकडे गेली. निवडणुकीतील गटबाजी टळेल, निर्णय त्वरेने होतील, असे समर्थन केले गेले. ते अगदीच निराधार नव्हे. परंतु गटबाजीबरोबर प्रश्न विचारण्याची हक्काची जागाही गेली, हे नुकसान लहान नाही.

ग्रंथालयाच्या सभासदांना याचे मर्म सहज उमगेल. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, कोणी एखाद्या रकमेविषयी शंका काढतो, चिटणीसांना उत्तर द्यावे लागते. त्या घटकाभराच्या अवघडलेपणानेच संस्था निकोप राहते. सार्वजनिक विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते. तेव्हा मंडळावर कोणीही असो, त्याचे अहवाल व हिशेब मागून वाचण्याचे व्रत सुजाण नागरिकांनी सोडता कामा नये.